पोट की आतडं

"मी हाय अजून. तुम्ही खा."

चाचा असं म्हणायचे तेव्हा त्यांचं स्वतःचं जेवण कधीच झालेलं असायचं. उजवा हात मात्र ताटात. बोटांनी दोन शितं इकडून तिकडे करायची, कांद्याची फोड उचलून परत ठेवायची, मधूनच एक घास तोंडात टाकायचा. समोरचा शेवटचा माणूस पोट भरून मागे सरेपर्यंत तो हात ताटातून निघायचा नाही.

त्यांच्यात रीतच तशी होती. एका ताटात चार माणसं बसली की घरच्या यजमानाने सगळ्यांच्या आधी हात काढायचा नाही. त्याने काढला की पाहुणा लाजून अर्धपोटी उठतो. चाचांच्या वडिलांनी ती रीत पाळली, आजोबांनी पाळली. पण त्यांच्याकडे पाहुणा यायचा सणासुदीला आणि चाचांच्या दारात ट्रकांची रांग रोज उभी.

भोसरीच्या पुढे नाशिक रस्त्याला लागून एक वजनकाटा होता. चाचा त्याचे सर्वेसर्वा. मालक पुण्यात राहायचा आणि दिवाळीला तोंड दाखवायचा. मी जवळच्याच एका कारखान्यात डिस्पॅचला होतो. भंगार विकलं की ट्रकबरोबर काट्यावर जायचं, आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली तोलायची आणि चिठ्ठी घेऊन परत यायचं, हे माझं काम. त्यातून ओळख झाली आणि ती बारा-तेरा वर्षं टिकली.

चाचा चाकणकडच्या एका खेड्यातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. बोलणं अस्सल गावरान. एखादा नवा ड्रायव्हर त्यांची टोपी बघून मुद्दाम हिंदीत सुरुवात करायचा, तेव्हा चाचा खिडकीतून मान बाहेर काढून विचारायचे, "मराठी येत न्हाई का काय तुला?" तो ओशाळायचा आणि मग चाचा त्याला जेवायला बसवायचे. ओशाळलेल्या माणसाला उपाशी सोडायचं नाही, हाही त्यांचाच कायदा.

काट्याच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, तेच त्यांचं घर. पुढे शेड. दुपारी गर्दी ओसरली की चाची आतून परातीएवढं कल्हईचं ताट पाठवायच्या. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, जो हजर असेल तो बसायचा. मी साताऱ्याकडचा. दुसऱ्यांच्या ताटात हात घालायचा म्हटल्यावर पहिल्या दिवशी मला घाम फुटला. डबा आणलाय, असं सांगून मी सुटका करून घ्यायला गेलो. चाचा म्हणाले, आण की डबा. मी आणला. त्यांनी माझी चपाती-भाजी त्या ताटात उपडी केली आणि म्हणाले, "आता तुझंच ताट झालं. बस."

एक पंगत उठली की दुसरी बसायची आणि चाचा दोन्हींना असायचे. एक म्हातारा ड्रायव्हर होता, दात एकही नाही. भाकरी कालवणात भिजवून तो अशा संथपणे जेवायचा की आमच्या तोलून झालेल्या गाड्या ताटकळायच्या. चाचा त्याच्यासमोर हात ताटात ठेवून निवांत. भंगारवाल्याचा मुनीम मारवाडी, तो इथलं पाणीसुद्धा प्यायचा नाही. त्याच्यासाठी चाचांनी केळी आणून ठेवलेली असायची. तो केळी खायचा, आणि त्याला एकटं वाटू नये म्हणून जेवण उरकलेले चाचा त्याच्याबरोबर केळी खायचे.

आता अशा माणसाचं शरीर कुठवर जाईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याही आळीत असा एखादा असेलच, ज्याच्यासाठी लग्नात दोन खुर्च्या एकमेकींना चिकटवतात. चाचांना खुर्चीच पुरेना, म्हणून आमच्या वेल्डरने त्यांना लोखंडी अँगलची खुर्ची करून दिली. ती देताना तो म्हणाला, हिच्यावर इंजिन ठेवलं तरी चालेल. सगळ्यात मोठ्याने चाचाच हसले होते.

पुढे पुढे मात्र हसणं कमी झालं. त्यांना आडवं होऊन झोपता येईना. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे आणि घोरता घोरता श्वास अडकून दचकून उठायचे. बोलता बोलता डोळा लागायचा. पायांची कातडी काळी पडली, तिच्यातून पाणी झिरपायला लागलं. नमाजाला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून त्याच अँगलच्या खुर्चीवर बसून नमाज व्हायची. एका दुपारी ते काट्याच्या खिडकीतच कोसळले. चार हमालांना उचलवेनात, तेव्हा पिंप चढवायची फळी टेम्पोला लावली आणि तिच्यावरून त्यांना वर सरकवलं. चाचा शुद्धीवर होते. प्रत्येक हमालाला "लई तरास दिला रं तुला" म्हणत होते. मी पाठ फिरवून उभा राहिलो. मला ते बघवेना.

भोसरीच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं. हृदय दमलंय, असंच चाललं तर फार दिवस नाहीत. पथ्याने या थराचं वजन उतरत नाही. पण मुंबईत एक सर्जन परदेशात शिकून आलेत, ते लठ्ठपणावर ऑपरेशन करतात. तिथे जाऊन या.

लठ्ठपणावर ऑपरेशन! आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्हाला अपेंडिक्सचं ऑपरेशन माहीत, हर्नियाचं माहीत. जाडेपणा कापून काढतात की काय, अशी आमची समजूत. मला इंग्रजी येतं या समजुतीवर मलाच बरोबर धाडण्यात आलं. चाची अर्थातच होत्या.

पहिली अडचण वजनाचीच आली. दवाखान्यातल्या काट्यावर चाचा उभे राहिले आणि काटा टोकाला जाऊन थटला. सर्जन म्हणाले, कुठूनतरी नेमकं वजन करून आणा. चाचांना तिथेच हसू फुटलं. जन्मभर जगाचं वजन केलं, पण स्वतःच्या काट्यावर ते कधी उभे राहिले नव्हते. परत आल्यावर आम्ही रिकामा ट्रक उभा केला, एकदा चाचांसकट तोलला आणि एकदा चाचांशिवाय. दांडी मी वाचली. पाच किलो इकडे-तिकडे धरून पावणेदोनशे भरले.

"साडेतीन गोण्या सिमेंट," चाचा म्हणाले. 

दुसऱ्या खेपेला सर्जनने आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. तरुण माणूस होता, मराठी चांगलं बोलायचा, आणि मुख्य म्हणजे घाई करत नव्हता. म्हणाला, तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकायचे आणि नळीने पातळ प्यायचं. तार काढली की वजन परत येतं, त्यामुळे तो मी तुम्हाला सांगणार नाही. दुसरा पोटाचा. जठराला टाके मारून वाटीपेक्षा लहान करायचं. चार घास खाल्ले की पोट भरतं, पाचवा घेतला तर उलटी. तिसरा आतड्याचा. आतड्याचा मोठा भाग बाजूला टाकायचा आणि वरचं टोक थेट खाली जोडायचं. याला बायपास म्हणतात. खाणं पहिल्यासारखं चालू राहतं, पण अंगी लागत नाही. वजन नक्की उतरतं. मात्र जुलाब होतात, ते कुणाकुणाचे थांबतच नाहीत. आणि काही जणांचं लिव्हर बिघडतं, म्हणजे कावीळ वगैरे. तिकडे परदेशात आता आतड्याचं कमी करायला लागलेत. पोटाचं नवं आहे, त्याचा फार वर्षांचा अनुभव कुणालाच नाही. धोका दोन्हींत आहे. तुम्ही ठरवा आणि मला सांगा.

बाहेर पडल्यावर चाचा गंभीर झाले. डॉक्टरने पेशंटला विचारावं, हेच त्यांना पटेना. "त्यालाच म्हाईत न्हाई का काय?" हे त्यांनी मला दादरपासून लोणावळ्यापर्यंत विचारलं.

पुढचे दिवस काट्यावर दुसरा विषय नव्हता. पोट की आतडं? ज्याची गाडी तोलायला येई त्याचं मत घेतलं जाई. दात बांधायची गोष्ट ऐकून एक क्लीनर म्हणाला, म्हणजे सील मारलेली गाडी. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना तर बायपास शब्द भलताच आवडला. शहराच्या बाहेरून रस्ता काढला की गाडी गावात शिरत नाही आणि जकात नाक्यावर थांबावं लागत नाही. तसंच हे, त्यांनी चाचांना समजावलं. माल वरून आला, बाहेरच्या बाहेर खाली गेला, शरीराने जकात घेतलीच नाही. चाचांना हे सर्जनच्या बोलण्यापेक्षा लवकर कळलं. शेजारचा चहावाला तेवढा म्हणाला की बायपास झाला की गावातली हॉटेलं बसतात. पण त्याचा स्वभावच किरकिरा, आणि चहाही बरा नसायचा, म्हणून त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

माझं मत पोटाचं होतं आणि ते मी ठासून सांगितलं. ज्यातून लिव्हर जाऊ शकतं ते कशाला? चार घास तर चार घास, माणूस जगेल. चाचांनाही ते पटत आलं होतं. त्यांना जगायचं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. मोठ्या मनाचा माणूस मरणाला भीत नाही वगैरे आपण म्हणतो. चाचा भीत होते. श्वास अडकून जाग आली की चाचींचा हात घट्ट धरून बसायचे, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. मूलबाळ नव्हतं. मागे ही एकटी राहील, ही धास्ती होती.

सर्जनला कळवायचा दिवस आला तेव्हा मी काट्यावर गेलो. चाचा शेडमध्ये बसले होते. चाची नेहमी पडद्याआड असायच्या, त्या दिवशी दारात येऊन उभ्या होत्या. चाचा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तू सांग. तू म्हनशील ते करतो."

चाचींनी विचार करून ठेवला असावा, कारण त्या अडखळल्या नाहीत.

"काविळीला आमच्या गावात माळ हाय," त्या म्हणाल्या. "शिवलेल्या पोटाला काय हाय? चार घास खाऊन तुम्ही हात काढला, तर तुमच्यासमोर कोन जेवंल? ही समदी मानसं उठून जातील. मंग तुम्ही कुनाकडं बघत बसनार? तुमाला ते सोसायचं न्हाई. आतड्याचं करा."

काविळीची माळ तुम्हाला माहीत असेल. जाणता माणूस कसल्याशा काड्यांची माळ मंतरून गळ्यात घालतो. ती दिवसागणिक लांब होत जाते आणि लांबली की कावीळ उतरली असं धरतात. गावोगाव लोक त्याने बरे झालेले सांगतात. सर्जनने लिव्हर म्हटलं असतं आणि तिथेच थांबला असता, तर चाची कदाचित घाबरल्या असत्या. त्याने आम्हाला कळावं म्हणून कावीळ म्हटलं, आणि कावीळ तर घरचं दुखणं. मी म्हणालो, चाची, ही ती कावीळ नव्हे. त्यांनी विचारलं, मग कुठली? 

चाचांनी मान हलवली. ठरलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती.

ऑपरेशन ठीक झालं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर मुंबईचा एक कापडवाला शेठ होता, चाचांसारखाच अगडबंब. त्याने पोटाचं करून घेतलं होतं. दोघांची गट्टी जमली. शेठ म्हणायचा, चाचा, तुम्ही शहाणे, जेवण वाचवलंत. माझी बायको एवढा सुरेख उंधियू करते आणि मला आता वास घ्यायचा. शेठाणी आणि चाची व्हरांड्यात चटईवर शेजारी बसायच्या. एकीला मराठी बेताचं, दुसरीला गुजराती शून्य, तरी त्यांच्या गप्पा अखंड चालायच्या. निघताना शेठाणीने चाचींच्या हाताला धरून काहीतरी सांगितलं आणि दोघी रडल्या.

पहिलं वर्ष नवलाईचं गेलं. चाचा झरझर उतरले. गळ्याची कातडी लोंबायला लागली, सदरे शिवायला टाकले, अँगलची खुर्ची कुणीतरी बागेत ठेवायला नेली. जमिनीवर वाकून नमाज पढली त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. जुने ड्रायव्हर त्यांना ओळखत नसत आणि विचारत, "चाचा कुठंयत?" चाचांना याची गंमत वाटे. ते म्हणत, आत हाईत, बसा, जेवून घ्या.

पण जेवण. तिथेच सगळं फिसकटलं.

आतडं आखूड झालेल्या माणसाच्या पोटात अन्न टिकत नाही. तीन-चार घास गेले की चाचांच्या पोटात कळ यायची आणि त्यांना उठावंच लागायचं. थांबता येत नव्हतं. संडास शेडच्या मागे, पत्र्याचा. आवाज यायचा, वास यायचा, आणि तो साधा वास नव्हता. पंगत बसलेली, हात ताटात, आणि यजमान धावत गेलेला. तिकडून ते ओरडायचे, "खा, खा, आलोच मी." कोण खाणार? सगळे ताटाकडे बघत बसायचे. चाचा हात-पाय धुऊन परत यायचे, बसायचे, एक घास घ्यायचे आणि पुन्हा उठायचे. ताटातून हात काढावा लागू नये म्हणून ज्यांनी हे ऑपरेशन निवडलं, त्यांच्यावर दिवसातून दहादा हात काढायची पाळी आली. मला तर देवाचा राग आला होता. अजून आहे.

त्यांनी उपाय करून पाहिले. सकाळपासून उपाशी राहून पाहिलं, कोरडा भात खाऊन पाहिला, सर्जनच्या गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी काही दिवस बरं वाटे, मग पहिले पाढे पंचावन्न. सर्जनने तपासणीला बोलावलं होतं, पण वाटेत पोट आवरणार नाही म्हणून ते मुंबईला जायचं टाळायचे. शेवटी त्यांनी ताटावर बसणंच सोडलं. मला भूक न्हाई, तुम्ही बसा, म्हणायचे आणि काट्याच्या खोलीत खिडकी लावून घ्यायचे. यजमानाशिवाय चार दिवस लोक बसले. मग कुणाला उशीर होऊ लागला, कुणी घरून डबा आणू लागला, कुणी पुढच्या हॉटेलवर गाडी लावू लागला. कुणी वाईट नव्हतं. त्या ताटाचा ओढाच गेला होता. चाची ते ताट आत नेऊन उभं करून ठेवू लागल्या.

दुसऱ्या वर्षी सांधे धरले. मग पायांवर सूज, हात काड्यांसारखे आणि पोट पुन्हा पुढे आलेलं, पण आता पाण्याने. एके दिवशी खिडकीतून चिठ्ठी देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला त्यांचे डोळे पिवळे दिसले.

मी म्हणालो, उद्याच मुंबईला जाऊ. चाची म्हणाल्या, आधी माळ. गावाहून माणूस आला, माळ घातली गेली. ती लांबतही गेली, छातीवर आली, बेंबीपर्यंत आली. चाची रोज बोटांनी मोजून मला सांगायच्या, उतरतीय, भाऊ. चाचा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मी भांडलो, आवाज चढवला, पण जिच्या हातात दुसरं काही नाही तिच्या हातातली माळ कशी ओढून घेणार? माळ गुडघ्याला लागली तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, घेऊन जा.

त्या खेपेला आम्ही दोघेच गेलो. चाचींना ताप होता. सर्जनने चाचांना पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, तपासणीला का आला नाहीत, मी बजावलं होतं ना. आतडं पुन्हा पहिल्यासारखं जोडून देता येतं, सुरुवातीला आला असतात तर दिलं असतं. रक्ताच्या तपासण्या केल्या. संध्याकाळी मला एकट्याला बोलावून त्याने सांगितलं की रक्त गोठत नाही, लिव्हर उरलेलं नाही, टेबलावर घेतलं तर तिथेच जातील. घरी न्या. तो माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. त्याला दोष द्यायला माझ्याकडे जागा नव्हती आणि त्यालाही ते माहीत होतं, पण त्याचा त्याला काही उपयोग होत नव्हता.

खाली येऊन टॅक्सीची वाट बघत होतो, तेव्हा शेठ भेटला. तपासणीला आला होता. निम्मा झालेला, पण चालणं ताठ, हातात पाळण्यातल्या पोराचा असावा एवढासा डबा. त्याने चाचांना आधी ओळखलं नाही.  चाचांनीच त्याला बोलतं केलं.

"कसं चाललंय शेठ? जेवता का न्हाई?"

"चार चमचे, बस," शेठ म्हणाला. "पाचवा गेला तर उलटी."

"घरची समोर बसतात का जेवताना?"

"नाही. मी आधी एकटा खाऊन घेतो. मग बायको बसते. मी बाहेर जाऊन बसतो."

चाचा त्याच्याकडे बघत राहिले. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी मागच्या काचेतून पुन्हा एकदा वळून पाहिलं.

"बिचारा," ते म्हणाले.

त्यानंतर महिनाही गेला नाही. घरीच गेले, चाचींच्या मांडीवर. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. चाकणकडच्या त्यांच्या गावी दफन केलं. एकेकाळी चार हमालांना न पेललेला माणूस, त्या दिवशी खांदेकऱ्यांना बदली लागली नाही.

चाळिसाव्याला मी गेलो होतो. काट्यावर नवा माणूस येणार होता आणि चाची गावी दिराकडे निघाल्या होत्या, सामान बांधून ठेवलं होतं. पाहुणे पांगले. मी निघायला उठलो, तर चाची म्हणाल्या, भाऊ, थांबा जरा. त्या फार खंगल्या होत्या. शेजारणीने मला आधीच कानात सांगितलं होतं की चाची जेवत नाहीत, रात्रंदिवस एकच बोलतात, मीच सांगितलं आतड्याचं करा, मीच सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तो शेठ होता बघा, आमच्या शेजारच्या खाटंवर. पोटाचं केलेला. त्याचं काय झालं? तुमाला म्हाईत आसंल."

मला वाटतं, चाचांना जाऊन चाळीस दिवस झाले तरी त्या या प्रश्नाचीच गाठ पदराला मारून बसल्या होत्या. दवाखान्याखाली शेठ भेटल्याचं चाचांनी त्यांना सांगितलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचार करायला काही वेळ लागला नाही.

"गेला," मी म्हणालो.

"कवा?"

"चाचांच्या आधीच. त्याच्या पोटाचे टाके सुटले म्हणे."

चाचींनी बांधलेल्या सामानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ते केलं आसतं तरी..."

"तरी हेच," मी म्हणालो. "डॉक्टरच म्हणाला मला."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. श्वास खाली बसताना दिसला मला. आता सुटलो, असं मनाशी म्हणत मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या की शेठाणीला भेटून आलं पाहिजे, लई मायेची बाई, तिने आपला हात धरला होता, तिच्यावर अशी वेळ आली आणि आपल्याला पत्ताच नाही. तुम्ही न्याल का मला मुंबईला? मी घाईघाईने सांगितलं की ती मुंबईत नाही, कायमची गुजरातेत गेली, पत्ता कुणालाच ठाऊक नाही.

"मंग हितनंच," चाची म्हणाल्या.

त्या सतरंजीवर बसल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दोन्ही हात पसरून त्यांनी त्या शेठसाठी दुवा मागितली. त्याच्या आत्म्याला शांती दे, त्याच्या बायकोला बळ दे, तिलाबी कुनी न्हाई. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. शेठ त्या वेळी मुंबईत आपल्या गादीवर बसून गिऱ्हाइकाला कापड दाखवत असेल. चाची पुटपुटत होत्या, आणि मी चपला तिथेच ठेवून त्यांच्या मागे मान खाली घालून उभा राहिलो.